तुझ्या नावाने केलेली तपासणी

जयपूर, ६ जानेवारी २०२५

मयूरी,

मी तुझं नाव वापरलं आहे. ते कळवायला हे पत्र. अकरा वर्षांनी लिहिते आहे म्हणून त्यात आणखी काही असेल असं समजू नकोस.

परवा मालवीय नगरमधल्या एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं. मी म्हणाले, मयूरी इंगोले. वय सत्तेचाळीस सांगितलं, ते माझं. 'हस्बैंड का नाम, मैम?' वरुण. सगळं एका दमात झालं. ठरवून गेले नव्हते.

तपासण्या दोन. एक एचआयव्हीची, एक सिफिलिसची. रिपोर्ट उद्या मिळेल.

डिसेंबर लागल्यापासून माझ्या तळहातांवर डाग आहेत. तांबूस, मसुरीच्या दाण्याएवढे. तळपायांवरही आहेत. खाजत नाहीत, दुखत नाहीत. घसा महिनाभर धरलेला आहे. संध्याकाळी कणकण येते. कंगव्यात केस येतात, ते वयाचे नाहीत.

आधी वैशाली नगरमध्ये घराजवळच्या स्किनच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी हात उलटेसुलटे पाहिले आणि विचारलं, 'आपके पति क्या करते हैं?' मी म्हणाले, 'पंद्रह साल पहले गुज़र गए.' त्यानंतर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. साबण बदलायला सांगितला आणि मलम दिलं. बाई विधवा आहे म्हटलं की डॉक्टरांचे काही प्रश्न गळून पडतात. मला ते ठाऊक होतं. ती ढाल मीच पुढे केली. मग दोन आठवडे मलम चोळत बसले.

रेल्वेच्या हॉस्पिटलात गेले असते तर एक पैसा लागला नसता. पण तिथं कार्ड दाखवावं लागतं, आणि कार्डांचे कागद कार्मिक शाखेत माझ्या टेबलावरून जातात. पवन गेल्यावर त्याच्या जागी मला नोकरी मिळाली तेव्हापासून मी हेच करते. कोणाच्या कुटुंबात कोण, कोणाचं लग्न झालं, कोणाचं मोडलं, कोण वारलं. हॉस्पिटलातल्या प्रत्येकाचा कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म मी कधी ना कधी तपासला आहे, आणि सही नसेल तर परत पाठवला आहे. पंधरा वर्षांत माझ्याकडं कोणी बोट दाखवलेलं नाही. ईश्वरीला एकटीनं वाढवलं. ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे.

हे कशामुळे झालं असेल, तर नोव्हेंबरात कॉलनीत रक्तदान शिबिर होतं. सुई बदलली नसावी.

उद्या तुझ्या नावानं काही निघालं तर तुला आधी माहीत असावं, म्हणून लिहिलं. पत्ता बडनेऱ्याच्या मामेबहिणीकडून घेतला. ती म्हणाली तू अजून त्याच सरकारी दवाखान्यात नर्स आहेस. डागांवरून तुला काय वाटतं ते कळवावंसं वाटलं तर कळव.

जयंती


१७ जानेवारी

मयूरी,

तुझी चिठ्ठी काल आली. सहा ओळी. 'ताई, रक्त देताना सुईनं हे होत नसतं, हे माझ्या वॉर्डातल्या आयाबायाही सांगतील. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आली तर खात्रीसाठी टीपीएचए कर. तीही आली तर पेनिसिलिनचं इंजेक्शन. बरं होतं. एचआयव्ही तीन महिन्यांनी पुन्हा. ज्याच्याकडून आलं त्याला सांग.'

शेवटची ओळ मी चारदा वाचली. नावाबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस.

रिपोर्ट आला आहे. एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह, एकास बत्तीस. काउंटरवरच्या मुलीनं लिफाफा देताना वर पाहिलं नाही. अशा मुलीला मी माझ्या शाखेत घेतलं असतं.

शिबिर झालंच नव्हतं. माणूस आहे. मनोहर नाव. भांडार विभागात आहे, दोन वर्षांपूर्वी कोट्याहून बदलून आला. बायकोशी कायद्यानं फारकत झालेली आहे. तो कागद मी पाहिला आहे. कागद पाहिल्याशिवाय मी कोणावर विश्वास ठेवत नाही, नोकरीनं ती सवय लावली. रक्ताचा कागद मागायचं मात्र मला सुचलं नाही.

सप्टेंबरपासून. रविवारी दुपारी, त्याच्या क्वार्टरवर. ईश्वरीला मी सांगायचे, शकुंतलाजींकडे चालले आहे. शकुंतलाजी नावाचं कोणी नाही.

एक गोष्ट तुला स्पष्ट कळावी. मला त्या रविवारांची लाज वाटत नाही. मी कोणाचं काही घेतलं नाही. तो मला 'जयंतीजी' म्हणतो, अजूनही, आणि माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला तरी आधी खाकरतो. पंधरा वर्षं मी फक्त कोणाची तरी आई आणि कोणाची तरी विधवा होते. ती दोन्ही कामं मी चोख केली. त्यात तिसरं काही मिसळलं म्हणून पहिली दोन खोटी होत नाहीत.

पाळी जवळजवळ गेलेली. दिवस राहण्याची भीती उरली नाही, म्हणून दुसरी कसलीच भीती धरली नाही. एवढी चूक माझी.

टीपीएचए उद्या करते.

जयंती


२७ जानेवारी

मयूरी,

टीपीएचए पॉझिटिव्ह आली. तीही तुझ्याच नावानं केली. एकदा सुरू केलेलं निस्तरायला जास्त वेळ लागतो म्हणून चालू ठेवलं.

दोन्ही रिपोर्ट घेऊन वेगळ्याच डॉक्टरांकडे गेले, वयस्कर गृहस्थ. 'आइए मयूरीजी, बैठिए.' बसले. त्यांनी सगळं नीट समजावलं. आजार जुना आहे, औषधही जुनं आहे, घाबरायचं कारण नाही. मग रजिस्टरसाठी आधार कार्ड मागितलं. मी पर्स उघडली आणि माझ्या लक्षात आलं.

कार्ड पाहून ते म्हणाले, 'इसमें तो जयंती तायडे लिखा है.'

'रिपोर्ट बहन के नाम से कराई थी.'

त्यांनी चष्मा काढला. 'तो मैं इलाज किसका करूँ? आपका कि बहन का?'

रागावले नाहीत. फक्त म्हणाले, दुसऱ्याच्या रिपोर्टवर ते सुई लावणार नाहीत. आपल्या नावानं तपासणी करून आणा. आणि कार्डाच्या पाकिटात रेल्वेचं मेडिकल कार्ड दिसलं, तेव्हा म्हणाले, 'आपके पास तो पूरा अस्पताल है.'

पंधरा वर्षांत मी शेकडो कागद परत पाठवले. माझा कागद कोणी परत पाठवण्याची ही पहिली वेळ.

घरी आले. आठवडाभर मी माझा कप आणि ताटली वेगळी ठेवते आहे, ओट्याच्या कडेला उपडी. ईश्वरीनं त्या दिवशी विचारलं.

'आई, हा कप वेगळा का आहे?'

'घसा खराब आहे.'

'महिन्यापासून? मतलब, असं काय झालंय की कप वेगळा? मी तुझा पाणी पिते ना ऑफिसच्या बाटलीतून.'

'पिऊ नकोस.'

'लेकिन का?' तिनं माझा कप उचलला, त्यात स्वतःचा चहा ओतला आणि माझ्याकडं बघत प्यायला. तिला काही माहीत नव्हतं. नुसता हट्ट. हट्ट आपल्या घराण्याचा आहे.

मयूरी, आता ते लिहिते.

बाबा गेले तेव्हा बडनेऱ्याला सगळे जमले होते. तू वरुणला घेऊन आलीस. त्याला एचआयव्ही आहे हे माहीत असून तू त्याच्याशी लग्न केलं होतंस, आणि ते तू कोणापासून लपवलं नव्हतंस, हा मला तुझा उद्धटपणा वाटायचा. चहा मी केला. चौदा स्टीलचे कप आणि एक कागदी ग्लास. तो ग्लास मी दुकानातून मुद्दाम आणला होता. एकच मिळेना, म्हणून पन्नासांचं पाकीट घेतलं आणि एकोणपन्नास परसात पुरले, कोणाला दिसू नयेत म्हणून. वरुणनं तो घेतला, 'थँक्यू ताई' म्हणाला. तू उठलीस, त्याच्या हातातला ग्लास घेतलास, उरलेला चहा उभ्यानं प्यायलीस, आणि दोघं स्टेशनवर निघून गेलात. मी मागे आले नाही. मला वाटलं, मी घर सांभाळलं.

लॅबमध्ये तुझंच नाव का आलं, त्यावर मी स्वतःला तीन आठवडे सांगते आहे की तुला नवरा आहे, लग्न झालेल्या बाईच्या नावावर कोणी संशय घेत नाही. ते अर्धं खरं आहे. उरलेलं असं की हा रोग मला तुमच्याकडचा वाटला. तुझ्या नावाला तो शोभेल असं वाटलं. माझ्या नावाला नाही. विचार करायला एक सेकंदही लागला नाही, यावरूनच तो किती आधीपासून तयार होता ते कळतं.

माफी मागत नाही. माफी मागितली की ती द्यायचं ओझं तुझ्यावर येतं. जे केलं ते नोंदवते आहे.

जयंती


१० फेब्रुवारी

मयूरी,

तुझं कार्ड मिळालं. 'वरुण म्हणतो, जाऊ दे. मी म्हणत नाही. इंजेक्शन घे. तुझ्या दिरंगाईनं माझं काही बिघडत नाही, तुझं बिघडतं.'

जाऊ दे म्हणत नाहीस हे बरोबर आहे. मीही म्हटलं नसतं. वरुणला माझा जयभीम सांग. सांगावासा वाटला तर.

मनोहरला सांगितलं. ऑफिस सुटल्यावर आम्ही सिविल लाइंसच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेलो. त्याला वाटलं लग्नाचा विषय काढणार. चेहऱ्यावर तयारी दिसत होती. मी रिपोर्ट हातात दिला.

त्यानं नाव वाचलं. 'ये मयूरी कौन है?'

'मेरी बहन. ख़ून मेरा है.'

बराच वेळ तो कागद वाचत राहिला. मग म्हणाला, 'मुझे तो कुछ नहीं है, जयंतीजी. एकदम फ़िट हूँ.'

'मुझे भी दिसंबर तक कुछ नहीं था.'

'आप पहले अपना करवा लो. फिर देखते हैं.'

'मनोहरजी, मी देखते हैं वाली बाई नाही,' मी मराठीतच बोलले. त्याला मराठी येत नाही, पण कळलं. मग हिंदीत सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी माझ्या नावानं जाणार. डॉक्टर विचारतील, कोणी आहे का. मी हो म्हणणार. त्याच्या आधी किंवा नंतर त्यानं स्वतः जाऊन रक्त द्यावं. नाही दिलं तर रविवार संपले.

तो बाकावर बसला. कोट्यात फारकतीनंतर एकदोनदा कुठं तरी गेला होता, हे तेव्हा सांगितलं. आवाज अगदी बारीक झाला होता. 'आपसे पहले की बात है.' मी म्हणाले, ते मी विचारलंच नाही. मला फक्त तारीख हवी आहे, तुम्ही हॉस्पिटलात जाल ती.

'गुरुवार,' तो म्हणाला. 'वहाँ खिड़की पर मीणाजी बैठते हैं. सब जान जाएँगे.'

'मला पण सगळे ओळखतात,' मी म्हणाले. हे मात्र हिंदीत सांगायचं राहिलं.

गुरुवारी तो गेला. पॉझिटिव्ह निघाला, सुई घेतली. शुक्रवारी डब्यातलं अर्धं थालीपीठ मी त्याला दिलं. त्यानं खाल्लं. पुढं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. ठरवणं माझ्याकडं आहे, आणि त्याची मला घाई नाही.

आज लॅबमध्येही जाऊन आले. तीच मुलगी होती. म्हणाले, मयूरी इंगोले मी नाही, ती नागपूरजवळ राहते आणि तिला काहीही झालेलं नाही. रेकॉर्डमधून तिचं नाव काढा. ती म्हणाली, 'मैम, नाम तो हटा नहीं सकते. पर हम लिख सकते हैं कि सैंपल किसी और का था.' लिहा म्हणाले. तिनं आतून एका साहेबांना बोलावलं. त्यांनी माझं आधार कार्ड पाहिलं, मला दहा मिनिटं सुनावलं, आणि नोंद केली. मी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या जागी मी असते तर वीस मिनिटं सुनावलं असतं. नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. जपून ठेव.

उद्या ईश्वरीला सांगणार आहे. परवा हॉस्पिटल.

जयंती


१३ फेब्रुवारी

मयूरी,

हे उभ्यानं लिहिते आहे, ऑफिसातल्या कपाटावर कागद ठेवून. काल कंबरेखाली दोन्ही बाजूंना इंजेक्शन दिलं. रात्री ताप आला, तो येतो असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. आज उतरला. रजा घेतली नाही. समोरचा अभिनव विचारतो आहे, 'मैडम, कुर्सी में कील निकल आई क्या?' मी म्हटलं, 'पंद्रह साल बैठी हूँ, आज खड़ी हूँ. काम करो.'

ईश्वरीचं आधी सांगते. जेवण झाल्यावर सांगितलं. आजाराचं नाव, माणसाचं नाव, रविवारचं खोटं. 

'आई, मतलब तुझा बॉयफ्रेंड आहे?'

'मनोहर आहे.'

'ते भंडारवाले? जे दिवाळीला काजूकतली घेऊन आले होते?' ती हसायला लागली. मग थांबली. 'त्यांनी तुला सांगितलं नाही का, मतलब, आधी?'

'मी विचारलं नाही.'

'तू नाही विचारलं? तू तो दूधवाल्याचा पण आधार विचारते.'

 मग तिनं विचारलं, हे घरातल्या कपानं होतं का. नाही म्हणाले. तिनं ओट्यावरचा माझा कप उचलून बाकीच्यांत ठेवला आणि म्हणाली, 'तर मग एवढे दिवस मला टेन्शन कशाला दिलं?' मग मात्र रडली. म्हणाली, तू मरणार आहेस असं मला वाटत होतं. एवढं मी तिला वाटू दिलं. ते माझ्या खात्यात.

तिनं तुझ्याबद्दल विचारलं. सगळं सांगितलं. परसातल्या एकोणपन्नास ग्लासांसकट.  सकाळी ती डबा न घेताच कॉलेजला गेली. तिला माझा राग येणं मला मान्य आहे. आणि रागावलेली ती तुझ्यासारखी दिसते.

काल हॉस्पिटलात कार्ड दिलं. डॉ. कीर्ती म्हणून नवी लेडी डॉक्टर आहे, ईश्वरीपेक्षा फार मोठी नसेल. तिनं विचारलं, 'पति?'

'नहीं हैं.'

तिनं पेन थांबवलं. वैशाली नगरचे डॉक्टर इथंच थांबले होते. मी तिला थांबू दिलं नाही. म्हणाले, 'साथी हैं. पिछले गुरुवार आपके यहाँ से इंजेक्शन ले गए. मुझे दिसंबर से लक्षण हैं. बाहर जो जाँच हुई, वो ग़लत नाम से हुई. मेरे नाम से फिर से कर दीजिए.'

तिनं एकदाच वर पाहिलं. 'ठीक है,' म्हणाली, आणि लिहायला लागली. रिपोर्ट दुपारी दोनला आला. तोच आकडा, एकास बत्तीस. खाली माझं नाव. मी ते बराच वेळ वाचलं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं आहे, एचआयव्हीचं आणि हे, दोन्ही. त्याचंही काय निघेल ते तुला कळवीन. चांगलं निघालं तरी आणि नाही निघालं तरी.

मग इंजेक्शनच्या खोलीबाहेर लाइनीत उभी राहिले. ओळखीचे सात-आठ जण होते. पार्सल ऑफिसचे बाबूजी होते. ज्यांच्या सुनेचं नाव कार्डावर चढवायला मी मागच्या वर्षी तीन चकरा मारायला लावल्या, त्या बाई होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि विचारलं, 'शुगर?' मी म्हणाले, 'नहीं.' त्या पुढचं ऐकायला थांबल्या. मी सांगितलं नाही. लपवणं वेगळं आणि न सांगणं वेगळं, हे मला या महिन्यात कळलं.

मीणाजी चिठ्ठ्या गोळा करत लाइनीतून आले. बाकीच्यांच्या न बघताच घेतल्या. माझी घेतली, औषध वाचलं, आणि दोन पावलं पुढं जाऊन परत आले. माणूस चांगला आहे. कानाजवळ येऊन हळूच म्हणाले, 'मैडम, आप यहाँ मत खड़ी रहिए. पीछे वाले दरवाज़े से आ जाइए, मैं सिस्टर से कहके अलग से लगवा दूँगा. किसी को पता नहीं चलेगा.'

मी म्हणाले, 'लाइन में ही ठीक हूँ, मीणाजी. नंबर आए तो नाम लेकर पुकारिए.'

माझ्यापुढं चार जण होते.

जयंती